कवळीवाल्यांचं विमान

कवळीवाल्यांच्या हातांतून आयुष्यभरात एखाद्या गावाला पुरतील इतके दात गेले, पण त्यातला एकही त्यांना चावला नाही. दातांचे डॉक्टर प्लॅस्टरचे साचे पाठवायचे, कवळीवाले त्यावर मेण चढवायचे, दात बसवायचे, हिरड्यांना खऱ्यासारखा गुलाबी रंग आणायचे, आणि मग कुठलातरी अनोळखी माणूस ते दात लावून घरच्यांवर ओरडायला मोकळा व्हायचा. आपल्या कामाचा जगाला होणारा उपयोग इतका स्पष्ट ऐकू येत असताना माणसाने निवृत्त तरी कसं व्हावं? पण डॉक्टरांनी यंत्रं आणली आणि कवळीवाले घरी बसले.

हात मात्र बसेनात.

‘काल झोपेत माझं कोपर घासत होतात,’ बायको सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली.

‘बरं झालं का?’

‘“अजून जरा टोचतंय” असं पुटपुटत परत तिथेच आलात. शेवटी मी उठून खुर्चीत बसले.’

त्या दिवशी कवळीवाल्यांनी माळ्यावर चढून एक खोकं खाली आणलं. त्यात तरुणपणी घेतलेलं, अंगठ्याएवढ्या सिलिंडरचं एक इंजिन होतं, आणि गुंडाळून पिवळा पडलेला विमानाचा आराखडा. विमान बांधायचं बांधायचं म्हणत मधे नोकरी आली, लग्न आलं, जगाचे दात पडायला लागले, आणि ते राहून गेलं.

हे विमान तारेवरचं. वैमानिक जमिनीवरच उभा असतो. विमानाच्या डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि त्याच्या हातातल्या मुठीला येऊन मिळतात. मनगट मागे झुकवलं की विमान चढतं, पुढे झुकवलं की उतरतं. हात सरावलेला असेल तर ते कोलांट्या मारतं, पाठीवर उताणं उडतं, आकाशात आडवा आठ काढतं. पण त्या तारांपलीकडे त्याला कुठेही जाता येत नाही. ते वैमानिकाभोवती गोल फिरतं, आणि वैमानिक मधे उभा राहून त्याच्याकडे बघत बघत गोल फिरतो. संसाराची रचनाही साधारण अशीच असते. फक्त मूठ कुणाच्या हातात आहे ते तिथे फार उशिरा कळतं.

आणि घोडं अडलं ते नेमकं त्या गोल फिरण्यापाशी. मागच्या वर्षी कवळीवाले न्हाणीघरात पडले होते. पाय घसरला नव्हता, फरशी कोरडी होती. एकाएकी भिंतीच सरकल्या. कानाच्या डॉक्टरांनी दिवे मारून, खुर्चीत फिरवून, डोळ्यांत बघून सांगितलं, ‘तोल सांभाळणारा भाग कानात असतो. तुमचा डावा कान लांबच्या रजेवर गेलाय. परत येईल न येईल. तुम्ही आपल्या गिरक्या घेऊ नका.’

‘या वयात कोण गिरक्या घेतंय?’ असं तेव्हा बायको हसून म्हणाली होती. आता खोक्यातलं इंजिन बघून ती हसली नाही.

‘बांधा,’ ती म्हणाली. ‘हाताला काम मिळेल, माझं कोपर वाचेल. पण उडवायचं असेल तर माझी अट आहे. इंधनाची एक टाकी पूर्ण उडवायची, ते खाली उतरेपर्यंत, स्वतःच्या पायांवर उभं राहून. मधे पडलात तर त्याच संध्याकाळी विमान माझ्या भावाकडे जाईल.’

‘त्याच्याकडे? त्यापेक्षा चुलीत घाल.’

‘चूल नाहीये आपल्याकडे. भाऊ आहे.’

हा मेहुणा मोटार चालवायला शिकवायचा. इतरांना वेळेवर ब्रेक लावायला शिकवून त्याच्याकडचा ब्रेक बहुधा संपून जायचा, कारण त्याने आजवर उडवलेली झाडून सगळी विमानं नाकाने जमिनीत शिरली होती. ‘जमीन मधे आली,’ एवढंच तो म्हणायचा. विमानांमागून विमानं गेली. वाचल्या त्या फक्त मुठी, कारण त्या त्याच्या हातात असत. अशा माणसाकडे आपलं विमान जाणार, ही कल्पना कवळीवाल्यांना एखाद्या लहान मुलाच्या हातात कवळी देण्यासारखी वाटली. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्यांना ते स्वतः उडवायचं होतं. एकदाच. एक टाकी.

काम सुरू झालं. बाल्सा नावाचं लाकूड इतकं हलकं असतं की ते उचलताना हाताला फसवल्यासारखं वाटतं. पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल गेलं. दोघं खिडकीच्या कट्ट्यावर ताटं ठेवून जेवू लागली. कवळीवाल्यांनी दातांची जुनी कोरणी, चिमटे, बारीक कानशी बाहेर काढल्या. पंखाच्या फासळ्या एकेक कापून, घासून, उजेडासमोर धरून पाहिल्या. दोन फासळ्या एकमेकींना चिकटवून त्यावर अंगठा फिरवताना त्यांचे डोळे आपोआप मिटत. जगातल्या बऱ्याच गोष्टी अंगठ्याला डोळ्यांपेक्षा नीट दिसतात, असं त्यांचं मत होतं.

अर्धवट झालेला पंख ते दुपारी छताच्या हुकाला दोरा बांधून टांगून ठेवत. खिडकीतून ऊन आलं की फासळ्यांची सावली भिंतीवर पडायची आणि पडदा हलला की सावकाश पोहायला लागायची. दुपारच्या झोपेत त्यांना मग कुठल्याशा मोठ्या माशाच्या पोटात आपण आरामात खुर्ची टाकून बसलोय असं वाटायचं, आणि मासा कुठे चाललाय ते विचारायचा कंटाळा यायचा. जाग आली की हळूच उठून पुन्हा घासायला बसायचं. घरभर पांढरा भुरका उडायचा. तो बायकोच्या केसांवर बसला तरी फरक कळत नसे, हे त्यांनी एकदा बोलून दाखवलं आणि दोन दिवस जेवताना कट्टा फारच लांब झाला.

पण पंखावर कागद चढवायची वेळ आली तेव्हा तीच पुढे झाली. तिने आयुष्यभर एका दुकानासाठी पडदे शिवले होते; कापड कुठल्या बाजूने ताणतं आणि कुठल्या बाजूने रुसतं हे तिच्या बोटांना पाठ होतं.

‘सरका. तुम्ही कागदाला हिरडीसारखं दाबताय.’

तो पातळ कागद तिने पंखावर अंथरला, कडा चिकटवल्या आणि तोंडाने पाण्याचा बारीक फवारा मारला. ओला कागद लोंबला, सुरकुतला, अगदी हताश दिसायला लागला.

‘गेला!’ कवळीवाले म्हणाले.

‘गप्प बसा. वाळू दे.’

तो वाळला तसा आपोआप ताणत गेला. दोघं खुर्च्या ओढून समोर बसली आणि सुरकुत्या जाताना बघत राहिली. एकेक सुरकुती नाहीशी होत होती आणि कवळीवाल्यांना उगाचच वाटलं, की आता उठून आरशात बघावं. मग त्यावर पातळ वार्निशचे हात झाले. त्याला नखांच्या पॉलिशसारखा वास येतो. शेजारीणबाई जिन्यात बायकोला अडवून म्हणाल्या, ‘आजकाल रोज नखं रंगवता वाटतं?’ बायकोने वास खरा मानून खोटं हसून घेतलं.

इकडे कवळीवाल्यांचा दुसरा अभ्यास गुपचूप चालू होता. बायको बाजारात गेली की ते खोलीच्या मधे उभे राहायचे, हात पुढे करून मूठ धरल्यासारखी धरायचे आणि डावीकडे वळायला लागायचे. ही विमानं सगळी डावीकडेच फिरतात. कधीकाळी कुणीतरी तसं ठरवलं आणि मग कुणी विचारलं नाही. एक फेरी व्हायची. दुसरीला भिंतीवरचं घड्याळ जरा मागे राहायचं. तिसरीला ते पळत पुढे यायचं, आणि कवळीवाले सोफ्यावर सापडायचे. सोफा मऊ होता, पण उत्तर कठीण होतं. एक टाकी म्हणजे कितीतरी फेऱ्या. ते घाम पुसून, विमानासमोर बसून, काही न झाल्यासारखं शिसं घासत राहायचे. हे शिसं उजव्या पंखाच्या टोकात बसवतात, म्हणजे विमान बाहेर ओढ घेतं आणि तारा ताठ राहतात. ढिल्या तारेवर विमान वैमानिकाचं ऐकत नाही.

विमान पुरं झालं. पिवळं, शेपटीला लाल पट्टा. मेहुणा आपली एक मूठ आणि तारांची रिळं घेऊन आला. त्याने विमान उचललं, उलटसुलट केलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

‘भाऊजी, काम झकास. हे एकदम दुकानातल्यासारखं झालंय.’ मग तो थांबला. ‘पण तारा कुठून बाहेर काढल्यात?’

‘पंखातून.’

‘ते दिसतंय. कुठल्या?’

कवळीवाल्यांनी चष्मा लावला. तारांची दोन टोकं विमानाच्या उजव्या पंखातून बाहेर डोकावत होती, अगदी नीट, एकसारखी, जणू त्यांची जागा तीच.

मेहुणा हसायला लागला. आधी हळू, मग खुर्चीचा आधार घेऊन. ‘ताई, इकडे ये! भाऊजींनी विमान उलटं बांधलं! सगळं जग डावीकडे फिरतं, हे उजवीकडे फिरणार!’

कवळीवाले खाली बसले. कसं झालं ते त्यांना लगेच कळलं, आणि ते जास्त वाईट होतं. वरचा जबडा. वरच्या जबड्याचा साचा टेबलावर नेहमी उताणा ठेवतात, दात वर, टाळू खाली. त्याशिवाय काम करता येत नाही. आयुष्यभर ते वरचे जबडे उताणे ठेवून काम करत आले. विमानाचं धडही त्यांनी त्याच सवयीने टेबलावर उताणं ठेवलं, त्यात पंख मात्र सुलटा सरकवला, आणि चिकटवून टाकला. कोलांट्या मारणाऱ्या विमानाचा पंख वरून खालून सारखाच फुगीर असतो, त्यामुळे नुसत्या नजरेला चूक दिसत नाही. अंगठ्यालाही दिसली नव्हती.

‘वर-खालीचं काही नाही, मुठीवर तारांची अदलाबदल केली की झालं,’ मेहुणा डोळे पुसत म्हणाला. ‘पण डावं-उजवं कसं बदलणार? पंख कापावा लागेल. कागद फाटणार, फासळ्या तुटणार. त्यापेक्षा मला द्या, मी भिंतीवर लावतो.’

‘भिंतीवर?’

‘तिथे तरी जमीन मधे येणार नाही.’

इतक्या लोकांच्या तोंडात इतके दात सरळ बसवले, आणि स्वतःचा एक पंख उलटा. कवळीवाल्यांना त्या मोठ्या माशाच्या पोटातून बाहेर फेकल्यासारखं वाटलं. बाहेर नुसता उजेड होता आणि खुर्ची राहिली होती आत.

बायको दारात उभी होती. तिने आधी विमानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग सोफ्याकडे.

‘उठा,’ ती म्हणाली. ‘उभे राहा मधे. रोज मी बाजारात गेल्यावर राहता तसे.’

‘मी? कधी?’

‘सोफ्याची एक बाजू बसलीय. मी काय आंधळी आहे? उठा. आता उजवीकडे वळा.’

‘उजवीकडे कशाला?’

‘तुम्ही झोपेतसुद्धा उजवीकडेच वळता. न्हाणीघरात पडलात ते डावीकडे टॉवेल घ्यायला वळताना. मी शेजारी झोपते, मला माहीत असतं. वळा.’

कवळीवाले वळले. एक फेरी. घड्याळ गेलं आणि आलं. दुसरी. पडदा गेला, मेहुणा गेला, बायको गेली, पडदा परत आला. तिसरी. सगळं रांगेत, शिस्तीत जात होतं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. ते वळत राहिले. मेहुण्याचं तोंड दर फेरीला आणखी थोडं उघडलेलं दिसत होतं आणि प्रत्येक वेळी त्यातल्या खालच्या दाढेवरचं चांदीचं भरण तेवढं चमकून जात होतं.

‘थांबा आता,’ बायको म्हणाली.

ते थांबले. खोली जराशी पुढे गेली, संकोचून मागे आली, आणि मग ती आरामात बसल्यासारखी बसली. सोफा रिकामा होता.

‘शिसं दुसऱ्या टोकात घाला,’ ती म्हणाली. ‘आणि शेपटीचं ते उभं काय आहे ते दुसरीकडे वळवा. उद्या सकाळी जाऊ.’

‘ताई, पण उजवीकडे कुणी उडवत नाही!’

‘तुला कोण उडवायला सांगतंय?’

सकाळी मैदानावर धुकं होतं. गवत ओलं होतं आणि लांबची झाडं अजून कुणीतरी पेन्सिलने काढत असल्यासारखी अर्धवट होती. या विमानांच्या इंधनात एरंडेल असतं. इंजिन सुरू झालं की त्याचा वास पसरतो आणि एका विशिष्ट पिढीतली सगळी माणसं आपोआप पोटावर हात ठेवतात. मेहुण्याने प्लगला बॅटरी लावली, पंखा काडीने झटकला. इंजिन खोकलं, रुसलं, आणि एकदम किंचाळायला लागलं. त्याने विमान शेपटीशी धरून ठेवलं. तारांच्या दुसऱ्या टोकाला, वर्तुळाच्या मध्यभागी, कवळीवाले मूठ घेऊन उभे होते. बायको वर्तुळाच्या बाहेर उभी होती, दोन्ही हात पर्सवर.

कवळीवाल्यांनी मान हलवली. मेहुण्याने विमान सोडलं.

ते गवतावरून थोडं पळालं, आणि मग गवत खाली राहिलं. तारांतून एक ओढ हातात आली, दाराबाहेरून कुणीतरी हळूच कडी ओढावी तशी. कवळीवाले उजवीकडे वळले. एक फेरी, दुसरी, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं, कारण त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. विमान हलतच नव्हतं. ते त्यांच्या मुठीसमोर, दोन तारांच्या टोकाला, पिवळं, लाल पट्ट्याचं, शांत उभं होतं. हलत होतं ते बाकीचं जग. झाडं वाहत होती, धुकं वाहत होतं, मेहुणा वाहत होता, बायकोची पर्स दर थोड्या वेळाने वाहत येऊन जात होती. इतकी वर्षं घाईत असलेलं हे सगळं जग आपल्या विमानामागून पाण्यासारखं चाललंय, आणि एवढी एक वस्तू तेवढी जागच्या जागी आहे, जिला आपण अंगठ्याने घासून गुळगुळीत केली.

त्यांनी मनगट मागे झुकवलं. विमान वर गेलं, डोक्यावरून उलटं झालं, खाली आलं, आणि जमीन मधे येण्याआधी पुन्हा वर निघालं. दुसरी कोलांटी. मग अर्धीच मारून त्यांनी त्याला उताणं सोडलं, चाकं आकाशाकडे. उताणं विमान डावीकडे फिरतं, पण तेवढी एक फेरी त्यांना झेपत होती. वरच्या जबड्यासारखं. ते तसंच शांत उडत राहिलं, आणि कवळीवाल्यांना ते फार ओळखीचं वाटलं. कुठेतरी कुणीतरी त्यांनी बसवलेले दात लावून आत्ता कणीस खात असेल, कुणी जांभई देत असेल, कुणी कपात दात ठेवून अजून झोपलेलं असेल. त्या सगळ्यांवरून विमान उताणं चाललं होतं आणि कुणालाही उठवत नव्हतं.

‘भाऊजी, सरळ करा!’ मेहुणा वाहत येऊन ओरडला आणि वाहत गेला.

त्यांनी सरळ केलं. मग आडवा आठ काढला. एक बाजू मोठी झाली, दुसरी बारीक, पण आठ आहे हे कुणीही सांगितलं असतं. आणि मग इंजिनाचा आवाज बारीक झाला, टाकीच्या तळाशी इंधन खुडबुडलं, आणि एकदम काहीच ऐकू आलं नाही. नुसती तारांची शीळ. विमान त्या शिळेवर सावकाश खाली येत गेलं. कवळीवाले त्याच्याबरोबर वळत होते, आणखी हळू, आणखी हळू. चाकं गवताला टेकली. विमान थोडं पळून थांबलं.

जग थांबलं नाही.

झाडं तशीच वाहत होती. उजवा कान इतका वेळ दोघांचं काम करत होता, त्याने आता खांदे टाकले. पायाखालचं मैदान एका बाजूने कुणीतरी उचलत होतं, केर काढताना सतरंजी उचलतात तसं. कवळीवाल्यांनी पाय फाकवले. अट त्यांना आठवत होती; ते खाली उतरेपर्यंत उभं राहायचं. ते उतरलं होतं. पण मेहुणा विमानाजवळ पोचला होता, त्याने ते उचलून छातीशी धरलं होतं, आणि तो तिकडून अगदी बारकाईने त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होता.

त्यांनी डोळे मिटून घेतले. गुडघे वाकायला लागले तेवढ्यात डाव्या बाजूला काहीतरी घट्ट येऊन लागलं. बायकोचा खांदा. इंजिन बंद पडलं तेव्हाच ती चालायला लागली असली पाहिजे, नाहीतर इतक्या लवकर ती आली कशी?

‘पडले का गं ताई?’ मेहुणा ओरडला. त्याच्या आवाजात काळजी होती, पण पिवळ्या पंखावरचा हात काही वेगळंच सांगत होता.

‘बघ की. उभे आहेत.’

‘तू धरलंयस!’

‘मी कुठे धरलंय? दोन्ही हात पर्सवर आहेत माझे. मी टेकलेय. सकाळपासून उभी आहे, पाय दुखतात माझे.’

‘मग बस ना खाली!’

‘ओल्या गवतात? तू ते विमान पूस आधी, सगळं तेल लागलंय त्याला. आणि आमच्या गाडीत ठेव. आमच्या.’

मेहुणा पुटपुटत, खिशातलं फडकं शोधत गाडीकडे निघाला.

‘अहो,’ बायको हळू आवाजात म्हणाली, ‘डोळे उघडा आता. तो गेला.’

‘थांब जरा,’ कवळीवाले म्हणाले. मूठ अजून त्यांच्या हातात होती आणि तारा गवतात सैल पडल्या होत्या. ‘अजून एक फेरी चालू आहे.’

‘कुठल्या बाजूला?’

‘उजव्या.’

‘मग चालू दे,’ ती म्हणाली, आणि थोडी आणखी टेकली.